टपालवाल्याचा काढून टाकलेला फोटो

१

टपालवाल्याचा तो फोटो बुधवारी दुपारी साडेबाराला ग्रुपवर आला आणि एक वाजून पाच मिनिटांच्या आत नाहीसा झाला. साठ जणांच्या ग्रुपमध्ये तो कितीजणांनी पाहिला असेल कोण जाणे. ताईने पाहिला, एवढं नक्की.

ताई इस्पितळात एक्स-रे काढायची. बावीस वर्षं झाली होती. ‘श्वास घ्या, रोखून धरा, सोडा’ हे ती इतक्या वेळा म्हणाली होती, की घरी आईला औषध देतानाही कधी कधी तोंडून निघून जायचं. कामात चोख, बोलण्यात सावकाश. चार वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण ‘मला शोधू नका’ एवढीच चिठ्ठी ठेवून नवऱ्याच्या घरातून निघून गेली. तेव्हापासून ताईला ना नीट रडू आलं होतं, ना हसू. डॉक्टरणीने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय. गाल आपलाच आहे हे कळतं. चावला गेला तरी कळत नाही.”

फोटोंचा ग्रुप तेवढा टिकून होता. दर सोमवारी एक विषय यायचा आणि रविवारपर्यंत ज्याने त्याने त्यावर एक फोटो टाकायचा. बक्षीस नाही, नंबर नाही. नियम तीनच. फोटो स्वतः काढलेला हवा, त्याच आठवड्यात काढलेला हवा, आणि कुणाच्या फोटोला नावं ठेवायची नाहीत. खरी नावं कुणी विचारत नसे. ताई तिथे ‘एक्स-रे ताई’ होती.

त्या आठवड्याचा विषय होता प्रतिबिंब. टपालवाल्याने चष्म्याच्या दुकानाची काच टिपली होती. काचेआड चष्म्यांच्या रांगा, आणि काचेवर समोरचा फुटपाथ. त्या फुटपाथवरून एक बाई उजव्या खांद्यावर प्लॅस्टिकचा पसरट क्रेट घेऊन चालली होती. क्रेटमुळे चेहरा दिसत नव्हता. ताईने डब्यातला घास तोंडात घातला, फोटो मोठा केला आणि चावायची थांबली.

काचेतली डावी-उजवी मनातल्या मनात उलटवून बघितली, तर बाईचा डावा खांदा बोटभर खाली होता. गळ्याखालचं हाड मोडून एकावर एक चढून जुळलं की खांदा तसा आत ओढला जातो. पण माणसागणिक त्याची तऱ्हा वेगळी असते. ही तऱ्हा ताईच्या ओळखीची होती. त्या हाडाचा एक्स-रे तिनेच काढला होता.

तिने फोटोखाली लिहिलं, ‘हा फोटो कुठे काढलात?’ तेवढ्यात बाहेर घोटा सुजलेला एक गवंडी येऊन बसला. त्याचे दोन एक्स-रे काढून ती परत आली, तोवर जेमतेम दहा मिनिटं झाली असतील.

फोटोच्या जागी राखाडी चौकोन होता. त्याखाली एक ओळ: ‘राखणदारांनी हा फोटो काढून टाकला आहे.’

२

टपालवाल्याचा फोननंबर ताईकडे होता. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरून मागे कधीतरी दोघांचं बोलणं झालं होतं. चौतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस. पाय शांत बसत नाहीत म्हणून कॅमेरा घेऊन हिंडायचा. बंदराच्या गावात राहतो हे त्याच्या फोटोंतल्या बोटींवरून ग्रुपमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ड्यूटी संपल्यावर ताईने त्याला फोन लावला.

“फोटो मीच काढला,” टपालवाला म्हणाला, “पण मी नाही काढला.”

“म्हणजे?”

“म्हणजे कॅमेऱ्याने मी काढला. ग्रुपवरून दुसऱ्या कुणी काढला. आपली भाषा पण बघा ना! मी दाताच्या डॉक्टरकडे आ वासून बसलो होतो. बाहेर येऊन बघतो तर राखणदारांचा निरोप. ‘फोटोत एका बाईची ओळख उघड होते आहे, म्हणून काढला. जागा कुणालाही सांगू नका.’”

“कुठल्या राखणदाराचा?”

“तिघांचं खातं एकच. निरोपावर नाव कुठे असतं?”

“मलाही सांगणार नाही का? कुठला रस्ता?”

 “ताई, पत्ता सांगण्यावर माझं आयुष्य गेलं. पण सांगू नका म्हटलंय, तर नाही सांगणार. वाईट वाटून घेऊ नका.” मग त्याचा आवाज उतरला. “शिवाय एक घोळ झालाय. तुमच्या आधी आणखी एकाने विचारलं होतं. फोटो टाकल्या टाकल्या, खासगीत. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायच्या आधी.”

“कोणी?”

“ते ‘हौशी’ नाहीत का, नवे? त्यांनी. आणि तेव्हा निरोप आलेला नव्हता हो. मी त्यांना दुकानाचं नाव, रस्ता, सगळं सांगून बसलोय.”

३

ग्रुपवर लक्ष ठेवणारे राखणदार तिघे होते. ग्रुप सुरू केला तो ‘मास्तर’ने. तो ताईच्याच शहरात पोहायला शिकवायचा. दुसरी ‘बेकरीवाली’, तिची बेकरी बंदराच्या गावात होती. आणि तिसरी ‘गोगलगाय’. तिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. तिचे फोटो सगळे जमिनीलगतचे: उंबरे, शेवाळं, पायऱ्यांच्या कडा, ओल्या रस्त्यावरच्या चपलांच्या खुणा. माणूस एकातही नाही.

ताई थेट तलावावर गेली. मास्तर मुलांच्या शिकवणीनंतर काठावर बसून पाय पुसत होता. पोहून पोहून त्याचे खांदे दाराएवढे झाले होते, आवाज मात्र अगदी बारीक.

“खातं एक असलं तरी फोटो कुणी काढून टाकला ते मला बघता येतं,” तो म्हणाला. “पण सांगणार नाही. राखणदारांनी एकमेकांची नावं सांगायची नाहीत असं आमचं ठरलंय. नाहीतर रुसवेफुगवे होतात.”

“मी रुसायला आले नाही. त्या फोटोतली बाई माझी बहीण आहे.”

मास्तरने टॉवेल खाली ठेवला. “ताई, मला खरंच सांगता येणार नाही.”

“बरं. मग स्वतःपुरतं सांग. आज एकच्या सुमाराला तू कुठे होतास?”

“पाण्यात. बारा ते दोन बायकांची शिकवणी. फोन कपाटात, कपाटाची किल्ली हिच्याकडे.” त्याने तिकीट खिडकीतल्या बाईकडे बोट दाखवलं. तिने न विचारता मान डोलावली.

गुरुवारी सकाळी ताईने बेकरीवालीला गाठलं. फोनवर मागे पत्र्यांचा खणखणाट चालला होता.

“एक वाजता? मी झोपलेली असते गं. पहाटे तीनला भट्टी लावायची म्हटल्यावर दुपारी दोन तास आडवं व्हावंच लागतं. फोन बंद. घराला आग लागली तरी उठवायचं नाही असं नवऱ्याला सांगून ठेवलंय.”

“तो फोटो पाहिलास का?”

“उठल्यावर कळलं. पाहिला नाही.” पुढचं वाक्य जरा घाईने आलं. “जाऊ दे ना आता. असेल काहीतरी कारण.”

ताईने फोन ठेवला. तीन राखणदार, त्यातला एक पाण्यात, एक झोपेत. उरली गोगलगाय.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने गोगलगायीच्या जुन्या प्रतिक्रिया काढून बघितल्या. ती साडेतीन वर्षांपूर्वी ग्रुपमध्ये आली होती. सगळ्यांना दोन दोन शब्द लिहायची, पण ताईचा एकही फोटो तिने सोडला नव्हता. ‘दुपार’ या विषयाला ताईने खिडकीशी बसलेल्या आईचा पाठमोरा फोटो टाकला होता. त्याखाली गोगलगायीने लिहिलं होतं, ‘किती शांत बसल्यात! यांना हाक मारायची तर डावीकडून मारा.’

तेव्हा ताईने त्यावर नुसती हसऱ्या तोंडाची खूण टाकली होती.

आईला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. ताईने ते ग्रुपवर कधीही लिहिलं नव्हतं, आणि पाठमोऱ्या फोटोत ते दिसण्यासारखं नव्हतं. शेजाऱ्यांनाही धड माहीत नव्हतं, कारण आई ते लपवायची. ते जाणणारी माणसं चारच होती. आई, ताई, जावई आणि धाकटी.

ताईने फोन पालथा ठेवला. आपल्याला काहीतरी व्हायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. रडू तरी, नाहीतर निदान हातपाय कापायला हवे होते. तिने डबा धुतला, पुसला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

४

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जावई आलेला होता.

तो धाकटीचा नवरा. घड्याळं दुरुस्त करायचा, बाजारात त्याचं छोटं दुकान होतं. बायको निघून गेल्यावरही दर दुसऱ्या गुरुवारी तो न चुकता सासूला भेटायला यायचा. येताना फळं आणायचा. आत्ताही स्टुलावर उभा राहून तो भिंतीवरचं घड्याळ पुन्हा टांगत होता.

“मागे जात होतं,” तो खाली उतरत म्हणाला. “केलं सरळ. ताई, दमलेल्या दिसता.”

“सोन्यासारखा माणूस,” आई नेहमीप्रमाणे म्हणाली. “आपलीच पोरगी करंटी.”

“असं नका म्हणू, आई.” जावयाने तिच्या डाव्या बाजूला वाकून सावकाश सांगितलं. त्याचा आवाज कायम खालच्या पट्टीत असायचा. “येईल ती. ताई, तुम्हाला काही कळलं?”

हा प्रश्न तो दर वेळी विचारायचा आणि ताई दर वेळी ‘नाही’ म्हणायची. 

“नाही.”

“आणि तुमचा तो फोटोंचा ग्रुप काय म्हणतो?”

“चाललंय.”

“मीच सांगितलं त्यांना,” आई कौतुकाने म्हणाली. “म्हटलं, आमची ताई दर आठवड्याला फोटो काढते, लांबलांबची माणसं वाहवा करतात. तर म्हणाले, कसा असतो तो ग्रुप, दाखवा ना. मग तुझ्या जुन्या फोनवर दाखवला.”

“कधी?”

“झाले असतील तीन-चार महिने.”

जावयाने सफरचंदाची फोड आईच्या हातात दिली. “बरं, पुढचे चार दिवस मी नाही. उद्या दुपारच्या गाडीने बाहेरगावी जातोय. बंदराकडे. एक जुनं मनोऱ्याचं घड्याळ बघायचंय.”

५

तो गेल्यावर ताई स्वयंपाकघरातल्या मोरीशेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने ‘हौशी’ची सगळी पानं उघडली.

हौशी तीन महिन्यांपूर्वी ग्रुपमध्ये आला होता. बारा आठवडे, बारा फोटो. फोटो वाईट नव्हते. उजेड बरोबर, कडा धारदार. पण त्याची प्रत्येक प्रतिक्रिया एकाच साच्यातली होती. ‘सुंदर! कुठे काढलात?’ ‘वा! हे कुठलं गाव?’ लोकांना वाटायचं, माणूस हौशी आहे, आवड आहे. लोक भरभरून सांगायचे.

आठव्या आठवड्याचा विषय होता मूठ. कुणी धान्याची मूठ टाकली होती, कुणी तान्ह्या बाळाची. हौशीने काळ्या पार्श्वभूमीवर एक पुरुषी उजवी मूठ टाकली होती. बोटांच्या फटीतून एक बारीक साखळी लोंबत होती. साखळीवर उजेड छान पडला होता आणि सगळ्यांनी साखळीचंच कौतुक केलं होतं. ताईनेही.

आता तिने साखळी सोडून बोटांची मुळं बघितली. मूठ मिटली की चार उंचवटे दिसतात. या मुठीला तीनच होते. करंगळीच्या मुळाशी उंचवटा असायला हवा तिथे खळगा होता.

तळव्यातलं ते हाड कशाने मोडतं हे एक्स-रे काढणाऱ्या माणसाला विचारावं लागत नाही. तिच्या खात्यात त्याला सगळे ‘बुक्कीचं हाड’ म्हणायचे. माणूस भिंतीवर, दारावर किंवा दुसऱ्या माणसावर मूठ आपटतो तेव्हा ते मोडतं. सांगताना मात्र सगळे सांगतात, हात दारात सापडला.

सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी जावई हात सुजवून ताईच्या खोलीत आला होता. “ड्रॉवरमध्ये सापडला,” तो म्हणाला होता. ताईने एक्स-रे काढला, बघितला, पाकिटात घातला. त्याच आठवड्यात बुधवारी धाकटी आली, गळ्याखालचं हाड मोडून. “न्हाणीत पाय घसरला, ताई.” ताईने तोही एक्स-रे काढला, बघितला, पाकिटात घातला. दोन पाकिटांवर दोन तारखा लिहिल्या. धाकटी टेबलावरून उतरताना तिच्या तोंडाकडे बघत होती. ताई म्हणाली होती, “जपून राहा गं. तेवढं चिडवू नकोस त्यांना.”

एवढंच म्हणाली होती.

स्टुलावर बसल्या बसल्या तिने टपालवाल्याला फोन लावला. “तो हौशी उद्या दुपारच्या गाडीने तुमच्या गावाला निघतोय,” ती म्हणाली. “तो तिचा नवरा आहे. निदान मला तसं वाटतंय. खात्री करून घ्यायला एकच रात्र आणि एक सकाळ आहे.”



“चौतीस वर्षांत,” टपालवाला म्हणाला, “मी एकही पत्र चुकीच्या दारात टाकलेलं नाही.”

“माहीत आहे.”

“मग आता कुठलं दार सांगू, बोला.”

६

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता टपालवाल्याने हौशीला खासगीत लिहिलं: ‘माफ करा, परवा तुम्हाला चुकीचं सांगितलं. तो फोटो या आठवड्यातला नाहीच. दोन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या गावात बहिणीकडे गेलो होतो, तिथला आहे. नवा फोटो जमेना म्हणून जुना टाकला. पकडला गेलो. राखणदारांनी काढला. लाज वाटते, कुणाला सांगू नका.’

आणि साडेनऊला मास्तरने सगळ्यांसाठी लिहिलं: ‘टपालवाला यांचा फोटो चालू आठवड्यात काढलेला नसल्याने नियमाप्रमाणे काढून टाकला आहे.’

मास्तरला ताईने सकाळी तलावावर जाऊन सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं, नाकातलं पाणी शिंकरलं आणि एकच म्हणाला, “म्हाताऱ्याची बदनामी होईल.”

“त्यानेच सुचवलंय.”

झालीही. दहा वाजेपर्यंत ग्रुपमध्ये थट्टा सुरू झाली. ‘काय हो टपालवाले, शिळं टपाल वाटता होय?’ ‘दोन वर्षं उशिरा पोचलं!’ लोक प्रेमानेच बोलत होते, पण पाच वर्षांत एक आठवडा न चुकवलेल्या माणसाने प्रत्येकाला हात जोडल्याची खूण पाठवली. ताई ते बघत होती.

आता खात्री कशी होणार होती, तर अशी. डोंगरापलीकडच्या गावाचं नाव टपालवाल्याने फक्त हौशीला कळवलं होतं. मास्तरने त्याचा उच्चार केला नव्हता. ताईने घरी काढलं नव्हतं.

साडेअकराला आईचा फोन आला. आई इस्पितळात सहसा फोन करत नसे.

“अगं, ते दळण आणायचं राहिलं. आणि जावयांचा फोन आला होता. बंदराचं रद्द झालं म्हणे. डोंगरापलीकडच्या त्या गावाला चाललेत. तिथेही एक घड्याळ आहे.”

“बरं,” ताई म्हणाली.

“तुला बरं नाही का? आवाज असा काय?”

“बरी आहे. दळण आणते.”

तिने खोलीचं दार लावलं, बाहेरचा लाल दिवा चालू केला आणि गोगलगायीला लिहायला बसली. ‘तुम्ही कोण ते मी विचारत नाही. हौशी कोण आहे ते मला कळलंय. त्याला चष्म्याच्या दुकानाचा रस्ता समजला होता. त्याला दुसरीकडे पाठवलंय, पण ते फार दिवस पुरणार नाही. जिथे राहता तिथून हला.’

वीस मिनिटांनी उत्तर आलं. ‘तो आहे हे कशावरून?’

‘आठवा आठवडा, मूठ. करंगळीच्या मुळाशी बघा.’

 बाहेर कुणीतरी दार वाजवून गेलं. पडद्यावर एक ओळ आली.

‘ते हाड तू सहा वर्षांपूर्वीच ओळखलं होतंस, ताई.’

७

उत्तरं बरीच सुचली. मला तेव्हा खात्री नव्हती. तू काही बोलली नाहीस. आईची तब्येत. माझी नोकरी. सगळी खरीच होती. ताईने लिहिलं, ‘हो.’

त्या दिवशी पलीकडून पुढे काही आलं नाही. शनिवारी सकाळी आलं: ‘हो म्हणालीस ते बरं केलंस. नाही म्हणाली असतीस तर ग्रुपमधून काढून टाकणार होते.’ आणि लगेच खाली, ‘मी हलले आहे. बेकरीवालीच्या बहिणीकडे. काळजी करू नकोस.’

ताईने दुपारी इस्पितळातलं आपलं लोखंडी कपाट उघडलं. पाच वर्षांहून जुन्या फिल्म तिथे नष्ट करायचा नियम होता. त्या यादीत दोन पाकिटांपुढे ताईने ‘नष्ट’ अशी सही केली होती आणि दोन्ही पाकिटं आपल्या एप्रनखाली ठेवून दिली होती. कशासाठी, ते तिने तेव्हा स्वतःलाही विचारलं नव्हतं. मला काही माहीतच नव्हतं असं म्हणायची सोय मात्र त्यामुळे उरली नव्हती.

सोमवारी ती एका वकीलबाईंकडे बसली होती. दोन फिल्म, दोन तारखा, धाकटीने लिहून पाठवलेली तक्रार आणि ताईचा सहा पानी जबाब. ‘यादीवर खोटी सही केली’ हेही तिने लिहायला लावलं. वकीलबाई म्हणाल्या, “यात तुमची नोकरी अडचणीत येऊ शकते.” ताई म्हणाली, “लिहा.”

जावई मंगळवारी आला, नेहमीचा गुरुवार न पाहता. प्रवासाने चेहरा सुकला होता. आत मास्तर खुर्चीत बसून बिस्किटं खात होता. कोण, कुठले, असं जावयाने डोळ्यांनीच विचारलं.

“माझे स्नेही,” ताई म्हणाली. “बसा. डोंगरापलीकडे घड्याळ मिळालं?”

“नाही. चुकीची माहिती होती.”

“हो. मीच द्यायला लावली.”

तो बसता बसता थांबला. ताई आईच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली, म्हणजे प्रत्येक शब्द आईला ऐकू जाईल.

“त्या गावाचं नाव एकाच माणसाला कळवलं होतं. हौशीला. त्याच्या आधी हौशीला बंदराचं गाव कळलं होतं, तेव्हा तुम्ही बंदराला निघाला होतात. गाव बदललं तसं तुमचं घड्याळही बदललं. तुम्ही तीन महिने आमच्या ग्रुपमध्ये बसून माणसांना पत्ते विचारताय.”

“बायकोला शोधणं गुन्हा आहे का?” त्याचा आवाज तसाच, खालच्या पट्टीत. “आई, तुम्ही सांगा. मी शोधायचं नाही तर कोणी?”

“उजवी मूठ मिटा,” ताई म्हणाली.

“काय?”

“मिटा ना. आईला दाखवायचंय.”

त्याने मूठ मिटली नाही. हात खिशात घातला. आईने ते बघितलं. ताईने सोमवारचं सांगितलं, बुधवारचं सांगितलं, दोन पाकिटांचं सांगितलं. आणि ‘चिडवू नकोस’ म्हणाले तेही सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता. मास्तरने बिस्किट अर्धवट बशीत ठेवलं.

“सगळं वकिलाकडे गेलंय,” ताईने शेवटी म्हटलं. “तिची तक्रार आहे, माझा जबाब आहे. आता तिला लपायचं कारण नाही.”

जावई काहीतरी बोलणार होता. तोवर आई उठली. तिला उठायला वेळ लागायचा, पण तिने कुणाचा हात घेतला नाही. भिंतीपाशी गेली आणि टाचा उंचावून घड्याळ खिळ्यावरून काढायला लागली. उंची पुरेना, तेव्हा मास्तरने उठून हात लांब करून ते काढून दिलं. आईने ते जावयाच्या छातीशी धरलं.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “आमचं आम्ही बघू किती वाजले ते.”

जिन्यावर त्याची पावलं नेहमीसारखीच सावकाश वाजली. दार लावून आई परत आली, खुर्चीत बसली आणि ताईला म्हणाली, “तू मला सहा वर्षांत सांगितलं नाहीस.”

“नाही.”

“मी तुझ्याशी आज बोलणार नाही.” ती खरंच बोलली नाही. रात्रीचं ताट मात्र तिने दोघींचं वाढलं.

८

जावयाने धाकटीच्या जवळ फिरकू नये अशी कोर्टाची मनाई हातात पडायला सात आठवडे गेले. जावई दुकान बंद करून आपल्या भावाकडे निघून गेला असं कुणीतरी सांगितलं. इस्पितळाने ताईची चौकशी केली आणि पगारवाढ रोखली. टपालवाल्याला ग्रुपमध्ये अजून ‘शिळं टपाल’ म्हणत होते. खरं काय ते सांगूया, असं मास्तर दोनदा म्हणाला. टपालवाला म्हणाला, “राहू द्या. लोक हसतात तर हसू द्या, कुणाचं बिघडतं?”

मग एका मंगळवारी ताई आणि आई बंदराच्या गावाला गेल्या. बेकरीच्या मागे एक जिना, वर एक खोली; मनाईनंतर धाकटी तिथे परतली होती. दार धाकटीनेच उघडलं. केस कापलेले, हाताला पीठ. आईने तिला धरलं आणि जे रडायचं ते आईने रडून घेतलं. ताई दाराशी दोन्ही पिशव्या धरून उभी राहिली. डोळे कोरडेच होते. तिने बोटांनी चाचपूनही बघितलं.

खोलीत खुर्ची एकच होती. तिच्यावर आई बसली. धाकटी जमिनीवर बसली, ताई तिच्यासमोर.

“तू इथेच कशी आलीस?” ताईने विचारलं.

“तूच दाखवायचीस ना फोनवर. ‘बघ ही बाई, पहाटे तीनला उठून पाव भाजते.’ निघाले तेव्हा जगात मला माहीत असलेलं घराबाहेरचं माणूस हे एकच. तिचा फोटो तेवढा बघितला होता. दारात येऊन उभी राहिले. तिने नाव नाही विचारलं. म्हणाली, क्रेट उचलता येतील का?”

“त्या खांद्याने?”

“उजव्या खांद्याने.”

खाली भट्टीचं दार आपटलं. धाकटीने पिठाचा हात परकराला पुसला.

“ग्रुपमध्ये का आलीस?” ताई म्हणाली. “मी तिथे आहे हे माहीत असून?”

“म्हणूनच.” धाकटी म्हणाली. “तुझ्यावर राग होता. अजून आहे. पण तू काय काय बघतेस ते दर आठवड्याला बघावंसं वाटायचं. तू माणसांचे फोटो काढायचीसच नाही. नुसती भांडी, खिडक्या. मग आईचा टाकलास.” 

ताईला सांगायचं होतं की मला काही वाटेनासं झालंय, तुला बघूनसुद्धा, आणि याचीच मला भीती वाटते. तिने तसंच सांगितलं. धाकटीने ऐकून घेतलं. तिने समजूत काढली नाही, जवळही घेतलं नाही.

“मला दीड वर्ष तसं होतं,” ती म्हणाली. “मग एकदा पत्र्याने बोट भाजलं आणि मी अर्धा तास रडले. कधी जाईल ते सांगता येत नाही.”

आई खुर्चीतच पेंगायला लागली होती. धाकटीने उठून खिडकीचा पडदा ओढला, म्हणजे ऊन तिच्या तोंडावर येणार नाही. मग ओट्याशी जाऊन पातेल्यात तिघींपुरते तांदूळ मोजून घेतले.

“रजा किती दिवसांची टाकलीस?” तिने पाठमोरंच विचारलं.

“दोन.”

नळ सोडल्याचा आवाज आला. तांदूळ एकदा धुतले, दुसऱ्यांदा धुतले.

“चार कर,” धाकटी म्हणाली.

ताईने पिशवीतून फोन काढला आणि आईची झोप मोडू नये म्हणून बाहेर जिन्यावर जाऊन इस्पितळाचा नंबर लावला.